साखरेच्या बेटाचे स्थित्यंतर

1961 साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसविषयी जो अहवाल सादर केला, त्याचा सूर निराशेचा होता. हिवताप हटल्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. शेती म्हणजे ऊस आणि निर्यात म्हणजे साखर, अशी स्थिती होती. हा ऊस पिकवला तो प्रामुख्याने 1834 नंतर कराराने नेलेल्या भारतीय मजुरांनी. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती.

1968 मध्ये बेट स्वतंत्र झाले आणि 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला. त्याची खुबी अशी, की निराळी वसाहत न आखता बेटावर कोठेही कारखाना काढून सवलती मिळवता येत. भांडवल मात्र हवे होते. हाँगकाँगचे उद्योजक आले हे खरे; पण 1974 च्या सुमारास साखरेचे जागतिक भाव कडाडले आणि 1975 च्या लोमे करारान्वये युरोपात सुमारे 5 लाख टन साखरेला हमीभाव मिळाला. हा नफा मळेवाल्यांनी कापडउद्योगात आणि समुद्रकाठच्या हॉटेलांत गुंतवला. नव्या उद्योगांचे मूळ असे जुन्याच मळ्यांत होते. आकडेवारीत शेती, उद्योग आणि सेवा यांचे वेगवेगळे रकाने मांडले, की हे नाते दिसेनासे होते.

कारखान्यांत भरती झाली ती मुख्यत्वे स्त्रियांची. त्यांचे किमान वेतन पुरुषांहून कमी ठेवलेले होते. या यशाची ती बाजू सहसा सांगितली जात नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यास तयार कपड्यांच्या निर्यातीने साखरेला मागे टाकले. अर्थात सूत आणि कापड आयात करावे लागे, म्हणून हाती उरणाऱ्या परकीय चलनात साखरेचे मोल बराच काळ टिकून राहिले. पुढे मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. तेव्हा ज्वालामुखीच्या खडकाळ जमिनीतले दगड वेचून यंत्रांसाठी वाट मोकळी करावी लागली.

2005 च्या आरंभी कापडाच्या निर्यातीचे जागतिक कोटे संपले. 2009 मध्ये साखरेचा हमीभावही संपला. साखर कारखाने थोडेच उरले, पण उसाच्या चिपाडापासून वीज निघू लागली. काही मळ्यांच्या जागी परदेशी धनिकांची घरे उभी राहिली. मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा हॉटेले ओस पडली. मळ्यांत मात्र ऊसतोड नेहमीच्या हंगामात झाली.