चॉक्स ओशन एअरवेज उड्डाण १०१

अमेरिकेत मायामी बीचजवळ १९ डिसेंबर २००५ रोजी झालेला छोट्या सागरी विमानाचा अपघात. पाण्यावर आणि धावपट्टीवरही उतरू शकणारे हे ग्रुमन मॅलार्ड विमान १९४७ साली बांधलेले होते. त्याला टर्बोप्रॉप इंजिने नंतर बसवली होती. फोर्ट लॉडरडेलहून आलेले विमान मायामीच्या वॉटसन बेटावर थांबून बहामातील बिमिनीला निघाले. दुपारी अडीचनंतर, पाण्यावरून उठून ते वर चढत असतानाच उजवा पंख धडालगत तुटला, इंधन पेटले आणि विमान गव्हर्नमेंट कट या जहाजमार्गात कोसळले. १८ प्रवासी आणि २ वैमानिक, सर्वच्या सर्व दगावले. मृतांत तान्ही मुले होती. नाताळची खरेदी आटोपून घरी निघालेले बिमिनीकर त्यांत बरेच होते, त्यामुळे त्या लहानशा बेटावर जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीचे कोणीतरी गेले.

त्या दिवशी ना वादळ होते, ना वैमानिकाने काही वावगे केले होते. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या २००७ सालच्या अहवालानुसार पंखाच्या धातूत शिणवट्याच्या भेगा पडून त्या वाढत गेल्या होत्या. मॅलार्डच्या पंखाची पोकळीच इंधनाची टाकी असते, म्हणून पत्र्याला किंवा आतल्या पट्टीला चीर गेली की इंधन झिरपू लागते. उजव्या पंखातून अशी गळती पुन्हापुन्हा झाली होती. ती सांगाड्याच्या आजाराची खूण होती, पण तिच्याकडे केवळ गळती म्हणून पाहिले गेले. बाहेरच्या पत्र्यावरील भेगेवर ठिगळ बसवण्यात आले, सीलंट भरण्यात आले. आतल्या आधारपट्टीची भेग तशीच राहिली आणि तिचा भार मागच्या मुख्य तुळईवर येऊन अखेर तीही गेली. सीलंट खरवडून आत पाहिले असते, तर हा बिघाड जमिनीवरच सापडला असता.

खाऱ्या पाण्यात रोज उतरणाऱ्या, इतक्या जुन्या विमानाला अधिक कसोशीची तपासणी लागते. विमान चालवणाऱ्या चॉक्स कंपनीच्या देखभाल व्यवस्थेत ती नव्हती, आणि देखभालीच्या काळजीने काही वैमानिक नोकरी सोडूनही गेले होते. मात्र मंडळाने दोष केवळ कंपनीवर ठेवला नाही. तिच्यातील उणिवा हेरून दूर न करणाऱ्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या विमान वाहतूक नियामक संस्थेलाही अपघाताच्या कारणात गोवले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण वयस्क विमानांच्या विशेष तपासणीच्या नियमांतून मॅलार्डसारख्या जुन्या रचनेच्या विमानांना सूट होती. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज सर्वांत जास्त, तीच वगळलेली. ही सूट काढावी, अशी शिफारस मंडळाने केली.

१९१७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या चॉक्सची उड्डाणे २००७ मध्ये कायमची थांबली.