विंचवाच्या नांगीतले औषध

महाडजवळच्या बिरवाडीला १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि पोरे दगावत. मांत्रिकाकडून विंचू उतरवून घ्यायचा, बाकी दैवावर हवाला. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, फुप्फुसांत साठणारे पाणी. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. होऊन ते महाडला परतले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन दंशावर वापरू लागले. शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

या लक्षणांचे मूळ पेशींच्या दारांत आहे. सोडियम, पोटॅशियम यांची ये-जा ज्यांतून होते ती ही सूक्ष्म दारे. विंचवाच्या विषातली काही पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, सोडियमची दारे उघडीच ठेवतात. मग मज्जातंतू चेकाळतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. दुसरी काही पेप्टाइडे पोटॅशियमची दारे बंद करतात. आपल्याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन हे त्यांपैकी एक.

दार बंद करण्याच्या या गुणाकडे संशोधक औषध म्हणून पाहू लागले, त्याचे कारण वेगळ्याच शोधात होते. रोगप्रतिकारक टी-पेशींवरही पोटॅशियमची दारे असतात आणि ती अडवली की या पेशींची वाढ थंडावते, हे १९८४ साली कॅलिफोर्नियात दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये याच पेशी स्वतःच्याच मज्जातंतूंचे आवरण कुरतडतात. २००१ मध्ये फ्रान्समध्ये क्रिस्टीन बीटन आणि सहकाऱ्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या विंचवाचे कॅलिओटॉक्सिन तशाच आजाराच्या उंदरांना दिले; आजार सौम्य झाला. पुढे ह्यूस्टनला बीटन यांच्याच प्रयोगशाळेने आयबेरिओटॉक्सिन संधिवाताच्या उंदरांवर वापरले, तेव्हा तोही ओसरला.

माणसांपर्यंत पोचले ते समुद्रफुलाच्या विषावरून घडवलेले डालाझाटाइड, तेही सोरायसिसच्या प्राथमिक चाचणीपुरते. मल्टिपल स्क्लेरोसिसवर विषापासूनचे असे औषध अजून बाजारात नाही. म्हणून विंचवाचे विष नसांना गुणकारी असे सांगून कोणी काही विकत असेल, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. आख्ख्या विषात मारणारी आणि तारणारी पेप्टाइडे एकत्रच नांदतात. ती निवडून वेगळी करणे हेच तर सारे काम.

महाडच्या दवाखान्याने विषापासून माणूस वाचवला. विषाने माणूस वाचवणे प्रयोगशाळेला अजून साधायचे आहे.