तिसऱ्या साच्याचा माणूस

गिरणीत काय काम करायचात, असं विचारलं की आबा आधी ओठांचा चंबू करून दाखवत. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची, सुताचं टोक भोकापाशी आणायचं आणि बाहेरून तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. पाळीभर हेच. सुताबरोबर कापसाची भुकटीही घशात जायची. आजी म्हणे, ते गावी आले की आधी खोकला घरात शिरायचा, मागून माणूस.

धोट्याला असं तोंड लावावं लागे, याच कारणावरून दलित कामगाराला कापडखात्यात घेत नसत. त्याच्या तोंडचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा! आणि बरी मजुरी नेमकी त्याच खात्यात. मुंबईच्या गिरण्यांतल्या १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आबा एवढा भाग भराभर सांगून पुढे सरकत. मला तो सरकवता येत नाही.

त्या संपाचं एक मोठं कारण म्हणजे माणशी दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन द्यायचा मालकांचा बेत. दीड लाखांवर कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर. आबांनी ते महिने गावी नाचणीवर काढले. त्यांचा हिशेब बोटांवरचा होता: "सहा साच्यांना तिघं लागायचे, आता दोघं. मला चार पैसे जास्त देतील रे, पण तिसऱ्यानं जायचं कुठं?"

पुढे कांडी आपोआप बदलणारे साचे आले. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. माणसाचं तोंड त्या धोट्यापासून सुटलं. माणसं कमी झाली, हेही खरंच.

काकांची गोष्ट मात्र उलटी. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत काकाही होते. गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा ते भिवंडीला मागावर लागले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी साचे तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये धडधडत होते. म्हणजे यंत्र तेच, उलट आणखी जुनं. गेलं होतं ते हजेरीपुस्तकातलं नाव, फंड, भरपगारी रजा. त्याचा दोष साच्याला कसा द्यायचा?

आज इचलकरंजीत एअरजेट मागावर धोटाच नसतो. हवेचा झोत सूत पलीकडे नेतो. शहरात असे माग वाढताहेत, आणि शेजारच्या साध्या मागांवर बिहार-ओडिशाहून आलेली पोरं उभी असतात. मजुरी मीटरवर. पाळी बारा तासांची.