ठासणीची बंदूक : कायद्याने जगवलेले हत्यार

बंदुकीच्या परवान्यावर ‘एस.बी.एम.एल.’ अशी चार अक्षरे असली, की ती एकनळी ठासणीची बंदूक समजावी. बंदुकांमधला हा सर्वांत साधा आणि स्वस्त प्रकार. जगभरच्या सैन्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकून दिला. आपल्याकडे मात्र, विशेषतः कोकणातल्या गावांत, तो अजून टिकून आहे. स्वस्ताई हे त्याचे एक कारण खरेच. पण त्याहून मोठे कारण कायद्यात आहे.

ही बंदूक तोंडाकडून भरतात. नळीत मोजून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा. शेवटी नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. पेशवाईतल्या तोड्याच्या बंदुकीत हेच काम जळत्या वातीने होई, पुढे चकमकीने. टोपीच्या मुळाशी असलेल्या स्फोटक रसायनाचा बंदुकीसाठी वापर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एक बार उडाला की सारी उस्तवार पहिल्यापासून. दारू दमट झाली की बार फुसका.

१८५७ च्या उठावात ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती एन्फिल्ड रायफलही ठासणीचीच होती. त्यानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण ठेवले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. देशी वृत्तपत्रांवरचा कायदाही त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने चार वर्षांत रद्द केला. शस्त्र कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिला.

पुण्यात या कायद्याचा अर्थ उघड दिसत होता. युरोपीय माणसाला परवान्याची सक्ती नव्हती. लष्कर भागातला साहेब मागून काडतूस भरायची नवी बंदूक घेऊन पाणलाव्यांच्या शिकारीला जाऊ शकत होता. खडकीत १८६९ पासून सरकारी दारूगोळा कारखाना उभा होता. पेठेतल्या माणसाला मात्र जुन्यापान्या बंदुकीसाठीही परवाना हवा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर, फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला, तेव्हा हा कायदा जेमतेम वर्षाचा होता. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून रामोशांना घेऊन उठतो, हे पाहिल्यावर सरकार हात सैल सोडणे शक्यच नव्हते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हा कायदा शिथिल करण्याची मागणी केली. तीही वर्षानुवर्षे पडून राहिली.

रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला काही तरी द्यायला हवे, पण ते सरकारला डोईजड होता कामा नये, या पेचावर ठासणीची बंदूक हे सोयीचे उत्तर होते. डुक्कर बुजवायला एक बार पुरतो. पोलिसांशी लढायला पुरत नाही.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात ही बंदूक नावानिशी आली. पीकसंरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे ते कलम सांगते. म्हणजे शेतकऱ्याने आधी ठासणीची अपुरी का, हे पटवून द्यायचे. राज्यकर्ते बदलले, पण जुनी पायरी तशीच राहिली.

हौसेच्या शिकारीचा मार्ग पुढे बंदच झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने उरले होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. हे योग्यच झाले. पण त्यामुळे पीकराख्याच्या हातात एक विचित्र वस्तू उरली. बंदुकीचा परवाना एका खात्याचा, आणि पिकात शिरलेले जनावर मारायचे तर परवानगी वनखात्याची. ती नसेल तर बार हवेतच काढायचा. त्यात निवडणूक आली की हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, म्हणजे कोकणात ऐन भातकापणीच्या दिवसांत.

पुण्यासारख्या शहरात आता ही बंदूक संग्रहालयातली वस्तू वाटते. गावात ती अजून आढ्याखाली टांगलेली आहे. ती मागासलेपणाची खूण म्हणून पाहिली जाते. पण तिचा मालक मागे राहिला तो स्वतःच्या इच्छेने नव्हे. कोणाच्या हाती कोणत्या वेगाचे हत्यार असावे, हे १८५७ नंतर जे ठरत गेले, त्याची ती शिल्लक आहे.