डोंगलचं खरं गोत्र

एकच पोर्ट असलेला लॅपटॉप वाशिमकरांना नवा असेल, पण एकाच भोकावर अख्खं घर चालवायची विद्या इथल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. त्या विद्येचं अवजारही आपल्या चांगल्या ओळखीचं आहे, फक्त ते बल्बच्या होल्डरात लटकायचं. पातळ लॅपटॉपच्या कडेला लोंबणारं हब हे त्याच अवजाराचा वारस आहे, असं माझं म्हणणं आहे. आता ते सिद्ध करायला हवं.

माझ्या लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक सी-टाइप पोर्ट आहे आणि उजव्या अंगाला काहीच नाही. चार्जर लावला की पेनड्राइव्ह बाहेर, पेनड्राइव्ह लावला की बॅटरी उतरणीला. पाटणी चौकातल्या एका दुकानात मी डोंगल मागितलं. दुकानदार म्हणाला, "कोनतं भाऊ? नेटचं, सहीचं, का ओटीजी पायजे?"

प्रश्न बरोबर होता. पंधरा वर्षांपूर्वी डोंगल म्हणजे टाटा फोटॉनसारखं नेटचं कार्ड. सेतूवाल्याला किंवा तलाठ्याला विचारा, त्यांचं डोंगल म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. 2018 पासून सातबारा डिजिटल सहीनं निघू लागला, त्यामागे तेच आहे. आणि मला हवं होतं ते एका भोकाची चार भोकं करणारं. तीन वस्तू, तीन कामं, नाव एकच. असं झालं की समजावं, यातलं कुणीतरी दत्तक आलेलं आहे.

आधी नावाचा निकाल लावू. डोंगल मुळात कुलूप होतं. 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कमोडोर पेट या संगणकासाठी वर्डक्राफ्ट नावाचं लेखनाचं सॉफ्टवेअर विकलं जाई. त्याची फुकट नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या पाठीमागे एक छोटी डबी लावावी लागे. डबी नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. या जातीच्या डबीला डोंगल नाव पडलं. का पडलं, यावर मात्र भांडण आहे. 1992 साली अशी कुलपं विकणाऱ्या रेनबो टेक्नॉलॉजीज कंपनीनं जाहिरातच केली की डॉन गॉल नावाच्या संशोधकावरून हा शब्द आला. ही शुद्ध थाप होती, पण लोकांना माणसाच्या नावाची गोष्ट आवडते, त्यामुळे ती अजून फिरते. दुसरं मत असं की 'लोंबणे' या अर्थाच्या डँगल या इंग्रजी शब्दाचंच हे वाकडं रूप. मला हे पटतं, कारण वस्तू खरोखर लोंबते. तिसरं मत आमच्या एका मित्राचं: गुळाच्या ढेपेला डोंगळा चिकटतो तसं हे संगणकाला चिकटतं, म्हणून डोंगल. इंग्लंडमधल्या इंजिनिअरांना डोंगळा कुठून ठाऊक असणार, हा प्रश्न विचारून मी त्याचा विरस केला.

मराठी माणसाची या शब्दाशी ओळख बहुधा छापखान्यात झाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घेतलं की सोबत हार्डवेअर लॉक, म्हणजेच डोंगल, यायचं. ज्यांनी त्या काळी डीटीपी केलं त्यांना आठवेल: संगणकाच्या प्रिंटर पोर्टात लॉक बसवायचं आणि लॉकच्या पाठीवर प्रिंटरची केबल. लग्नपत्रिकांचा हंगाम ऐन भरात असताना ते लॉक हरवलं तर दुकान बंद.

इथे प्रतिपक्षाचा जोरदार मुद्दा येतो. ते म्हणतील, बघा, लॉकच्या पाठीवर प्रिंटर लागत होता, म्हणजे एकाच भोकात दोन वस्तू मावत होत्याच. मग आजचं हब याच लॉकचं पोर नाही कशावरून? उत्तर सोपं आहे. लॉक आपल्यातून वाट देत होतं, वाटणी करत नव्हतं. एक आत, एक बाहेर. वाटणी करणारी वस्तू वेगळ्याच घराण्यातली.

त्या घराण्याचा जन्म दिव्याखाली झाला. वीज घरात आली ती उजेडासाठी, त्यामुळे घरात भोक एकच: दिव्याचं. अमेरिकेत हार्वे हबेल यानं 1904 मध्ये दिव्याच्या सॉकेटात फिरवून बसवायच्या, हवी तेव्हा उपसता येणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं. पण खरी मजा ओसाकात आहे. कोनोसुके मात्सुशिता हा ओसाकाच्या वीज कंपनीत वायरिंगचा तपासनीस. नोकरी सोडून 1917 साली त्यानं स्वतःच्या कल्पनेचा दिव्याचा सॉकेट बनवला, तो फारसा विकला गेला नाही. 1918 च्या मार्चमध्ये त्यानं बायको आणि मेहुण्याला घेऊन घरातच कारखाना मांडला. (हा मेहुणा तोशिओ इउए, पुढे सान्यो कंपनी काढणारा.) पहिला चाललेला माल म्हणजे दिव्याच्या सॉकेटात बसणारा प्लग. त्यासाठी जळालेल्या बल्बांच्या पितळी टोप्या वापरल्या, म्हणून तो बाजारभावापेक्षा स्वस्त पडला. पाठोपाठ आला दुहेरी सॉकेट: एका भोकात बसतो आणि दोन भोकं देतो.

जपानमध्ये तेव्हा बहुतेक घरांचा वीज कंपनीशी करार एका घराला एक दिवा असा होता. गोष्ट अशी सांगतात की मात्सुशितानं दोन बहिणींचं भांडण ऐकलं. एकीला इस्त्री करायची होती, दुसरीला वाचायचं होतं, आणि भोक एकच. खरी असो-नसो, गोष्ट चोख आहे, कारण चार्जर आणि पेनड्राइव्ह यांचं भांडण शब्दशः हेच आहे. दुहेरी सॉकेट हा काही मात्सुशिताचा शोध नव्हे, तसे सॉकेट आधीही मिळत. त्यानं ते सुधारले आणि स्वस्तात विकले. आणि जो वस्तू घरोघरी पोचवतो त्याचंच नाव कुळाला लागतं.

या मात्सुशिताची कंपनी म्हणजे आजची पॅनासॉनिक. 2007 साली तिच्या समूहानं मुंबईच्या अँकर इलेक्ट्रिकल्सचा मोठा हिस्सा विकत घेतला. वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठल्याही घरात भिंतीवरचा बोर्ड बघा, अँकर दिसायला वेळ लागत नाही. नव्या खोक्यांवर अँकरच्या शेजारी पॅनासॉनिक छापलेलं असतं. ते वाचूनच मी या शोधाच्या मागे लागलो.

आमच्याकडचं भोक जपानसारखं आट्याचं नव्हतं. इंग्रजांनी दिलेला 22 मिलिमीटरचा होल्डर, बल्बचे दोन कान खाचेत घालून दाबायचं आणि फिरवायचं. त्यात बल्बऐवजी बेकेलाइटचा जोड बसायचा. खाली बल्ब, दोन्ही बाजूंना टू-पिनची भोकं. एका भोकात रेडिओ, दुसऱ्यात इस्त्री. 750 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर सव्वातीन अँपिअर ओढते आणि दिव्याची वायर असते बारीक. त्यामुळे जोड तापायचा, बेकेलाइटचा तो कडवट वास यायचा, होल्डरच्या आतल्या दोन स्प्रिंगच्या पिना काळ्या पडायच्या. मग कुणीतरी म्हणायचं, "लाईन गेली का?" लाईन गेलेली नसायची, फक्त आपल्या घरची गेलेली असायची.

सरकारनंही एका भोकावरच भागवलं. 1988-89 मध्ये केंद्रानं कुटीर ज्योती योजना आणली: दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्याचं कनेक्शन. देणाऱ्याचा हिशोब असा की गरिबाला उजेड पुरे. घेणाऱ्याला उजेड हवा होताच, शिवाय रेडिओ हवा होता, पुढे टीव्ही, मग मोबाइल. माझ्या मते एका पोर्टाच्या लॅपटॉपमागेही हाच हिशोब आहे: तुमचं सगळं आता हवेतूनच होणार, वायर कशाला?

मधले टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. 1996 मध्ये सात कंपन्यांनी मिळून यूएसबी आणलं, त्यात इंटेलचे, बडोद्यात शिकलेले अजय भट्ट आघाडीवर. ऑगस्ट 1998 मध्ये आयमॅकनं जुनी पोर्टं उडवून यूएसबी ठेवलं. त्याच्या दीड महिना आधी, 1 जुलैला, अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला होता. 2014 मध्ये सी-टाइप, आणि 2015 मध्ये एकच सी-टाइप पोर्ट आणि इअरफोनचं भोक घेऊन आलेला 12 इंची मॅकबुक.

मॅकबुकवाल्यांचा दावा असा की जाडी कमी करायची होती म्हणून भोक एक राहिलं. हे अर्धंच खरं. तो लॅपटॉप सर्वांत जाड जागी 13.1 मिलिमीटर होता, त्यात नेटच्या केबलचं भोक बसवणं कठीणच. पण सी-टाइपचं भोक जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीचं. अशी एकाच्या जागी तीन सहज बसली असती. जाडीमुळे भोक बारीक झालं. भोक एक झालं ते वीज आणि माहिती एकाच वाटेनं येऊ लागल्यामुळे. जुन्या यूएसबीतून जेमतेम अडीच वॅट मिळायचे, त्यावर लॅपटॉप चालत नाही, म्हणून चार्जरचं भोक वेगळं. सी-टाइपनं सुरुवातीलाच 100 वॅटपर्यंत मजल मारली आणि चार्जरचं भोक काढून टाकता आलं. दिव्याच्या होल्डरची परिस्थिती पुन्हा तशीच उभी राहिली.

साखळीत एक कडी मात्र कच्ची आहे. यूएसबी रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिव्याचा दुहेरी सॉकेट होता, असं लिहिलेलं मला कुठे सापडलेलं नाही. पण त्यांनी पहिल्याच आराखड्यात एका भोकावर हब लावत लावत 127 उपकरणांपर्यंत जायची सोय ठेवली, म्हणजे वाटणी ही नंतरची तडजोड नव्हती, ती जन्मखुणेसारखी सोबतच आली. लहानपणी घरात होल्डरवर होल्डर चढवलेला बघितल्याशिवाय असलं डोक्यात येत नाही, असा माझा ठाम तर्क आहे.

फरक एकच, पण मोठा. बल्बचा होल्डर कुणाला काही विचारत नाही; जे लावाल त्याला थेट 230 व्होल्ट. सी-टाइपच्या 24 संपर्कबिंदूंत बोलणीसाठी राखलेल्या जागा आहेत. आधी विचारपूस होते, तुला किती झेपेल, मग 5, 9, 15 किंवा 20 व्होल्ट ठरतात. हब त्यातले काही वॅट स्वतःला ठेवून उरलेले लॅपटॉपला देतं, म्हणूनच 65 वॅटचा चार्जर हबमधून लावला की लॅपटॉप कुरकुरतो. आणि स्वस्तातलं हब तासाभरात होल्डरसारखंच तापतं.

आता अँकरच्या भिंतीवरच्या बोर्डातही सी-टाइप बसवून मिळतो. परवा वायरमनला त्याचे किती म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "पूरा पॉइंट धरा लागते भाऊ. त्याच्यात बल्ब लागत नाही, पन वायर तर तेवढीच जाते."