३९ मिनिटं

मुंबईला एकेकाळी स्वतःची वेळ होती, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. १९०६ साली देशभर 'स्टँडर्ड टाइम' आला. रेल्वे त्यावर चालू लागली, पण मुंबई महापालिकेने आपला 'बॉम्बे टाइम' काही सोडला नाही. तो ३९ मिनिटं मागे. म्हणजे गाडी पकडायची स्टँडर्ड टाइमने आणि शहरातली घड्याळं मात्र मुंबईची! हा प्रकार पुढे अनेक वर्षं चालला. हट्ट म्हणा हवं तर, पण अगदीच बिनबुडाचा नव्हता. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने स्टँडर्ड टाइमच्या १२ वाजून ३९ मिनिटांनी.

परवा हे आठवायचं कारण भलतंच. टर्मिनलवर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामचं मी पॅकेज बनवत होतो. अट अशी, की तोच सोर्स आणि तोच कंपायलर घेऊन मी अंधेरीत बांधलं काय नि कुणी बर्लिनमध्ये बांधलं काय, फाइल बाइटन् बाइट सारखी निघाली पाहिजे. याला 'रिप्रोड्युसिबल बिल्ड' म्हणतात. डेबियनच्या मंडळींनी २०१३ पासून हे नेटाने लावून धरलं. कशासाठी? तर सोर्स आपण वाचू शकतो, पण चालवतो ती तयार फाइल. बांधणाऱ्याने मध्येच तिच्यात काही घुसडलं नाही, हे कळणार कसं? दोघांनी वेगवेगळं बांधायचं आणि ताडून पाहायचं.

माझ्या दोन फाइली जुळेनात. फरक कुठे, तर मॅन्युअलच्या पानावर छापलेल्या तारखेत! इथे मध्यरात्र उलटली होती. यूटीसीवर ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवर अजून आदलाच दिवस. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत हे असंच असतं. २०१५ पासून यावर ठरलेला तोडगा आहे. 'सोर्स डेट इपॉक' नावाच्या व्हेरिएबलमध्ये सोर्समधल्या शेवटच्या बदलाची वेळ द्यायची, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. आपापली घड्याळं सगळ्यांनी बाजूला ठेवायची.

अर्थात, फाइली जुळल्या म्हणजे सगळं शुद्ध, असं नाही. २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या सोर्सच्या गठ्ठ्यातच चोरदार सापडलं. तो गठ्ठा दोघांनी बांधून ताडला असता तरी जुळलाच असता. स्टँडर्ड टाइमने तरी मुंबईचा सूर्य कुठे हलवला? पण घड्याळ एक झालं की गाडी उशिरा आली, हे कुणालाही दाखवून देता येतं. इथेही तेवढंच मिळतं, आणि ते थोडं नाही. मी बांधलेली फाइल वापरण्यासाठी माझ्या शब्दावर विसंबायची गरज उरत नाही.