जुलाब-उलट्या : औषधाआधी पाणी

पावसाळा सुरू झाला, की दवाखान्यांच्या बाकांवर पोट धरून बसलेल्या रुग्णांची संख्या वाढू लागते. वारजे-माळवाडीसारख्या झपाट्याने वाढलेल्या उपनगरातील घरांना हा अनुभव नवा नाही. रात्री मुलाला दोन उलट्या आणि चार जुलाब झाले, की घरात धावपळ उडते. कुणी औषधाच्या दुकानातून ‘जुलाब थांबवणारी गोळी’ आणतो, तर कुणी ‘पोटाला विश्रांती द्या, पाणीसुद्धा देऊ नका’ असे बजावतो. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्हींत चूक एकच असते. सारे लक्ष जुलाबांच्या संख्येकडे लागते आणि शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याकडे दुर्लक्ष होते. जुलाबाने दगावणारा रुग्ण बहुतेक वेळा जंतूंमुळे नव्हे, तर पाणी व क्षार कमी पडल्याने दगावतो. हे टाळण्याचा उपाय मात्र प्रत्येक घराच्या आवाक्यातला आहे.

जुलाब कशाला म्हणावे?

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाले, तर त्यास जुलाब किंवा अतिसार म्हणतात. केवळ आईच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळास दिवसातून अनेकदा मऊ शी होते. तो आजार नव्हे.

जुलाबांचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला पाण्यासारखे जुलाब होण्याचा. मुलांमध्ये याचे कारण बहुधा रोटा, नोरो यांसारखे विषाणू असतात. कॉलऱ्याचे जुलाबही पाण्यासारखेच, पण फार मोठ्या प्रमाणात होतात. दुसरा प्रकार रक्त व आव पडण्याचा. त्यात पोटात मुरडा येतो, अनेकदा तापही असतो. शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे जीवाणू किंवा अमीबा त्यास कारणीभूत असतात. पहिल्या प्रकारात घरचा उपचार बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच असते.

जलसंजीवनीचे सामर्थ्य

जुलाब चालू असताना दिलेले पाणी तसेच बाहेर पडेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. आतड्याच्या आतील आवरणावर मीठ आणि साखर एकत्र शोषून घेणारी एक यंत्रणा असते. जुलाबाच्या आजारातही ती बहुतांशी शाबूत राहते. साखरेबरोबर मीठ आत जाते आणि मिठापाठोपाठ पाणी. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा, मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात घातलेले पाणी शरीरात अधिक मुरते. हीच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

तिची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजण्यास सांगितले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण, या उपचाराखालील रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनोबिस यांचे २०२२ मध्ये निधन झाले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जे काम त्या छावणीत आईवडिलांनी केले, ते आपल्या स्वयंपाकघरात कुणालाही करता येते.

कशी तयार करावी, किती द्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असलेले, २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने अर्ध्या तांब्यात टाकू नये; क्षार जास्त झाल्यास अपाय होतो आणि कमी झाल्यास उपयोग होत नाही. २०० मिलिलिटर पाण्यासाठीची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरील सूचना आधी वाचावी. द्रावणात जादा साखर, दूध किंवा सरबत मिसळू नये. तयार केलेले द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव पाहावी, ती अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पाकीट मिळाले, की हे द्रावण बंद करून तेच सुरू करावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यांना हवे तेवढे द्रावण द्यावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. घटाघटा पाजल्यास उलटी होण्याचा संभव वाढतो.

मधुमेही रुग्ण साखरेच्या भीतीने जलसंजीवनी टाळतात. एक लिटर द्रावणात ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम असते आणि त्याशिवाय पाणी नीट शोषले जात नाही. रक्तातील साखर तपासत राहावी, पण द्रावण टाळू नये. मात्र मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आजारपणात त्या घ्याव्यात की थांबवाव्यात, हे त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुकानांत ‘ओआरएस’सारख्या नावाने गोड पेयांचे खोकेही विकले जात. त्यांपैकी अनेकांत साखर योग्य प्रमाणापेक्षा बरीच जास्त असे, आणि जादा साखरेने जुलाब वाढतात. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. आजाऱ्यासाठी खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच पाकीट घ्यावे.

आहार थांबवू नये

लंघनाची जुनी समजूत मुलांच्या बाबतीत घातक ठरते. अंगावर पिणाऱ्या बाळास दूध चालूच ठेवावे, किंबहुना अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना भाताची पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, केळे, ताजे ताक असे पचण्यास हलके अन्न थोडे थोडे द्यावे. शहाळ्याचे पाणी चालते, पण ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. बाटलीबंद शीतपेये, डब्यातील फळांचे रस आणि कडक चहा-कॉफी टाळावी.

मुलांसाठी जस्ताचे, म्हणजे झिंकचे औषध महत्त्वाचे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस ते देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले, तरी मात्रा पूर्ण करावी. त्याने आजाराची मुदत कमी होते आणि पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते.

गोळ्यांची घाई नको

विषाणूंमुळे होणाऱ्या जुलाबावर प्रतिजैविकांचा, अर्थात अँटिबायोटिक्सचा, काहीही परिणाम होत नाही. तरीही दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या चिठ्ठीवाचून आणून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. त्याने आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरतात आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषध लागू पडेनासे होते. कॉलरा, रक्ताची आव अशा ठरावीक आजारांतच ही औषधे लागतात आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

लोपेरामाइडसारखी, आतड्याची हालचाल मंद करणारी गोळी लहान मुलांना मुळीच देऊ नये. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर मोठ्यांनीही ती घेऊ नये. जुलाब वरवर थांबतो, पण जंतू आणि त्यांचे विष आतच राहते.

डॉक्टरांकडे केव्हा?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

• मूल मलूल पडले आहे, सतत झोपेत आहे किंवा त्याला काही पिता येत नाही.
• डोळे खोल गेले आहेत, रडताना अश्रू येत नाहीत, तोंड कोरडे पडले आहे.
• पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होते.
• सहा ते आठ तासांत लघवी झालेली नाही.
• शौचातून रक्त पडते आहे किंवा ताप चढला आहे.
• उलट्या इतक्या आहेत, की चमचाभर द्रावणही पोटात राहत नाही.
• जुलाब भाताच्या पेजेसारखे, मोठ्या प्रमाणात आणि लागोपाठ होत आहेत.

सहा महिन्यांखालील बाळ, गर्भवती, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण यांच्याबाबत आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाहनाची सोय नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत, रुग्ण शुद्धीवर असल्यास, वाटेतही जलसंजीवनी पाजत राहावे.

जुलाबानंतर पायांत अशक्तपणा

जानेवारी २०२५ मध्ये वारज्याच्या पलीकडे, मुठेच्या दुसऱ्या काठावरील सिंहगड रस्ता परिसरात ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ या आजाराची साथ आली. धायरी, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांना आधी जुलाब झालेले होते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू व नोरोव्हायरस आढळला. दूषित पाण्याविषयीची शंका बळावली.

या आजारात जंतूंविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या सुमारे हजारात एखाद्यालाच असे होते, त्यामुळे प्रत्येक जुलाबानंतर धास्ती घेण्याचे कारण नाही. तसेच हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र जुलाब बरे झाल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येणे, जिना चढताना पाय न उचलणे, अशक्तपणा पायांकडून वर सरकणे, चेहरा वाकडा होणे, घास गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काही जाणवले तर त्यास ‘जुलाबाचा थकवा’ समजू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे, हे उपचार लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी ठरतात. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण काहींना त्यासाठी अनेक महिने लागतात.

नळापासून पेल्यापर्यंत

पुण्याला खडकवासला धरणसाखळीतून पाणी मिळते आणि महापालिकेच्या जलकेंद्रांत ते शुद्ध केले जाते. असे एक जलकेंद्र वारज्यातही आहे. तेथे गाळ बसवून, गाळून, शेवटी क्लोरिन मिसळून पाणी पुढे सोडतात. तथापि जलकेंद्र आणि आपला पेला यांच्यामध्ये जलवाहिनी, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि घरातील पिंप येते. टंचाईच्या काळात टँकर आणि बोअरचीही त्यात भर पडते. शुद्ध केलेले पाणी यांपैकी कोठेही पुन्हा दूषित होऊ शकते.

म्हणून सोसायटीने टाक्या ठरावीक मुदतीने धुऊन घ्याव्यात, झाकणे घट्ट ठेवावीत आणि जमिनीखालच्या टाकीजवळून सांडपाण्याची वाहिनी जात नाही ना, हे पाहावे. पिण्याच्या पाण्यात नळाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असणे अपेक्षित आहे. ते तपासण्याचे साधे संच बाजारात मिळतात. टँकरचे पाणी टाकीत घेण्यापूर्वी ते कोठून भरले, हे विचारावे.

घरात तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळूनही जंतू अडत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळले, की ते पिण्यास योग्य होते. शुद्धीकरण यंत्र असल्यास त्याचे फिल्टर वेळेवर बदलावेत. पिंपातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे, हात बुडवू नये. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. कच्ची कोंबडी कापलेली सुरी व पाट सॅलडसाठी तसाच वापरू नये. कॅम्पायलोबॅक्टर बरेचदा तेथूनही पोटात जातो.

तान्ह्या बाळांसाठी रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. वयाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडाने देतात. सरकारी लसीकरण केंद्रांत ती विनामूल्य मिळते.

थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल जसे घरात हाताशी असते, तशीच जलसंजीवनीची दोन-चार पाकिटे औषधांच्या डब्यात ठेवावीत आणि त्यांवरील अंतिम मुदत पाहत राहावी. मध्यरात्री पहिला जुलाब झाला, की पाणी उकळायला ठेवावे, पाकीट काढावे आणि चमचा हातात घ्यावा. गोळी हवी की नको, हे त्यानंतर डॉक्टरांना विचारता येईल.